गडवाटा, टेकड्या आणि माणसांची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कड्यावरून घसरणं, धबधब्यात वाहून जाणं, आग्यामोहोळ उठणं याबद्दल ट्रेकर मंडळी पुष्कळ बोलतात. माणसाकडून होणाऱ्या त्रासाबद्दल मात्र बोलणं टाळलं जातं. डोंगर बदनाम होईल, घरचे पाठवणार नाहीत, अशी धास्ती असते. पण माहिती नसलेला माणूस जास्त अडकतो. म्हणून सह्याद्रीत आणि शहरालगतच्या टेकड्यांवर जाणाऱ्यांच्या नेहमीच्या शंका इथे घेतल्या आहेत.

ट्रेकिंग आता असुरक्षित झालंय का?

नाही. सह्याद्रीत जीव जातो तो मुख्यतः पाय घसरून, पाण्यात उतरून, उन्हाने किंवा वाट चुकून. माणसाने माणसावर हल्ला करण्याच्या घटना त्या मानाने विरळा आहेत. नेमका आकडा मात्र कोणी देऊ शकत नाही, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ‘गडवाट’ असा रकानाच नाही. गुन्हा त्या त्या जिल्ह्याच्या नावावर जमा होतो. त्यामुळे ‘ट्रेकवरचे गुन्हे इतक्या टक्क्यांनी वाढले’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर आला, तर तो पुढे ढकलू नका.

मग असे गुन्हे घडतात तरी कुठे?

गाजलेली प्रकरणं पाहिली तर बहुतेक वेळा जिथे गाडी पोचते तिथे. एप्रिल २०१७ मध्ये लोणावळ्यात अभियांत्रिकीचे एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी रविवारी बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर त्यांचे मृतदेह सापडले. लुटीसाठी हा खून झाल्याचं तपासात पुढे आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याच्या बोपदेव घाटात रात्री मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर तिघांनी सामूहिक बलात्कार केला. मित्राला मारहाण करून बांधून ठेवलं होतं. पुण्यातल्याच वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण या भागांतून कोयता दाखवून मोबाईल आणि चेन ओढून नेल्याच्या बातम्या वरचेवर येतात.

या घटनांकडे नीट पाहा. चार तास चढून जावं लागेल अशी जागा यात नाही. लुटारू घाम गाळत बालेकिल्ल्यापर्यंत येत नाही. त्याला दुचाकी लावता येईल, काम उरकून पाच मिनिटांत डांबरी रस्त्याला लागता येईल, अशी जागा हवी असते. शिवाय ‘बरोबर पुरुष आहे ना, मग काळजी नाही’ हा आपल्याकडचा ठाम समज लोणावळा आणि बोपदेव या दोन्ही ठिकाणी उघडा पडला. तिथे बरोबर पुरुष होताच. शहराजवळ, अंधारात, दोघंच असणं हाच खरा धोका आहे. दाट जंगलातली आडवाट त्या मानाने निर्धास्त आहे.

टेकडीवर रोज फिरायला जात असाल तर उजाडल्यावर चढा, दिवेलागणीच्या आत उतरा. सोन्याची चेन घरी ठेवा. कानात दोन्हीकडे इअरफोन घालून चालू नका. एवढ्याने बराच फरक पडतो.

ओळखीच्या माणसाबरोबर गेलं तर धोका नाही ना?

या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात कमी बोललं जातं ते यावरच.

जून २०२३ मध्ये एमपीएससीतून नुकतीच वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून निवड झालेली एक तरुणी १२ तारखेला ओळखीच्या तरुणाबरोबर राजगडला गेली. १८ तारखेला गडाच्या पायथ्याशी तिचा मृतदेह सापडला. पायथ्याजवळच्या सीसीटीव्हीत गडाकडे जाताना दोघं दिसत होते, परतताना तो एकटाच. त्याला मुंबईतून अटक झाली. लग्नाला नकार मिळाल्याचा राग हे कारण पोलिसांनी सांगितलं.

त्या मुलीने काहीही वेडंवाकडं केलं नव्हतं. सकाळची वेळ, मळलेली वाट, महाराष्ट्रातला एक नावाजलेला गड, सोबत ओळखीचा माणूस. आपण सगळे सुरक्षिततेचे म्हणून जे नियम सांगतो ते तिने पाळलेच होते. त्यामुळे त्या नियमांत एकाची भर घालायला हवी. ज्याला आपण नकार दिलाय, जो तो नकार मानायला तयार नाही, जो ‘शेवटचं एकदा भेटू, नीट बोलू’ म्हणतोय, त्याच्याबरोबर डोंगरावर जायचं नाही. बोलणं गरजेचंच असेल तर भर वस्तीतल्या हॉटेलात, आणि पलीकडच्या टेबलावर आपलं माणूस. नकारानंतर सतत फोन, पाठलाग, सोशल मीडियावर पाळत सुरू असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तक्रार त्याच टप्प्यावर करता येते, हल्ल्याची वाट पाहावी लागत नाही.

आईवडिलांना एक विनंती. मुलीने ‘अमुक मुलगा त्रास देतोय’ असं घरी सांगितलं की तिचं बाहेर जाणं बंद करू नका. ते बंद होईल या भीतीनेच पुढच्या वेळी ती सांगत नाही.

घरी नेमकं काय सांगून निघावं?

‘मित्रांबरोबर ट्रेकला जातोय’ एवढं पुरत नाही. शोध घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल असा एक संदेश दोन जणांना पाठवा, एक घरातलं माणूस आणि एक ट्रेकिंग कळणारा मित्र. उदाहरणार्थ:

‘शनिवार सकाळ. खिरेश्वर – टोलार खिंड – हरिश्चंद्रगड. रविवारी पाचनईला उतरणार. आम्ही चौघं (नावं आणि फोन नंबर खाली). गाडी खिरेश्वरला लावली आहे, नंबर हा. खिरेश्वरात ज्यांच्याकडे चहा घेतला त्यांचा नंबर हा. मी लाल जॅकेट, निळी सॅक. रविवारी दुपारी चारपर्यंत पाचनईतून फोन करेन. सहापर्यंत आला नाही तर पाचनईत फोन कर, आठपर्यंत काही कळलं नाही तर ११२.’

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. (११२ म्हणजे तातडीच्या मदतीसाठीचा सरकारी नंबर.) किती वाजता काळजी करायची आणि मग काय करायचं, हे लिहिलेलं नसेल तर घरचे ‘रेंज नसेल’ म्हणत सकाळपर्यंत बसून राहतात. वाट बदलली तर तसं कळवा. निघताना गटाचा एक फोटो काढून पाठवला तर कपड्यांचं वर्णन वेगळं लिहावं लागत नाही.

मी बाई आहे. एकटीने ट्रेक करावा का?

जरूर करावा, करणाऱ्या आहेतही. प्रश्न कुठे आणि कसा, एवढाच आहे. सुरुवातीला राबता असलेल्या वाटा घ्या. कळसूबाईची बारी गावातून जाणारी वाट, राजगडाची गुंजवण्याकडची किंवा पाली दरवाज्याची वाट, शनिवारी-रविवारी सकाळी. तिथे वाटेवर ताक-सरबत विकणाऱ्या मावशी असतात. त्यांच्याशी चार शब्द बोला, उतरताना भेटते म्हणा. वर गेलेली पोरगी खाली आली की नाही, याकडे त्या आपसूक लक्ष ठेवतात.

‘एकटीच आलीस का?’ हा प्रश्न वाटेत दहा जण विचारतील. बहुतेक जण कौतुकाने किंवा काळजीने विचारतात. पण खरं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ‘मागून येताहेत’ म्हणावं आणि चालू लागावं. मुक्काम कुठे आहे हे अनोळखी माणसाला सांगू नका, ठिकाणाचे फोटो तिथूनच टाकू नका, परतल्यावर टाका. आणि मनात पाल चुकचुकली तर मागे फिरा. एखाद्याला वाईट वाटेल, आपण भित्र्या दिसू, हा विचार त्या क्षणी करायचा नाही.

टेकडीवर कोणी ‘आम्ही पोलीस आहोत’ म्हणून दमदाटी केली, पैसे मागितले तर?

जोडप्यांना सगळ्यात जास्त गंडवलं जातं ते या प्रकारे. दोन-तीन जण येतात, फोटो काढतात, ‘घरच्यांना फोन लावतो’, ‘चला चौकीवर’ म्हणतात, आणि मग ‘मिटवून टाका’ वर येतात. पोलीस, वनखातं, नाहीतर कुठल्याशा संघटनेचं नाव घेतलं जातं.

दोन सज्ञान व्यक्तींनी टेकडीवर बसून गप्पा मारणं हा कुठल्याही कायद्याने गुन्हा नाही. बंदीच्या वेळेत वनक्षेत्रात असाल तर दंड होऊ शकतो, पण त्याची पावती मिळते. तो कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाही. शांतपणे ओळखपत्र मागा, नाव आणि पोलीस ठाणं विचारा, आणि त्यांच्यासमोरच ११२ लावून स्पीकरवर टाका. ‘इथे तीन जण पोलीस असल्याचं सांगताहेत, खात्री करायची आहे,’ एवढं म्हणा. खरा पोलीस याला हरकत घेणार नाही. बोलत-बोलत माणसं असतील त्या दिशेने चालत राहा. त्यांच्या गाडीत बसू नका, आणखी आत, झाडीत जायला तर अजिबात तयार होऊ नका.

या टोळ्या जगतात त्या आपल्या गप्प बसण्यावर. ‘घरी कळेल’ या भीतीने तक्रार होत नाही, आणि मग तीच माणसं पुढच्या शनिवारी त्याच जागेवर उभी राहतात. पैशावर भागतंय हे कळल्यावर त्यांची मजल पुढे जाते. म्हणून तक्रार करा. तुम्ही तिथे कोणाबरोबर आणि का होता, हा तपासाचा विषय नाही आणि सज्ञान असाल तर पोलिसांनी घरी कळवण्याचंही कारण नाही. माझं मत विचाराल तर, मुलांना टेकडीवर बसल्याबद्दल ओरडणाऱ्या आपल्या समाजानेच या लुटारूंचं काम सोपं करून ठेवलंय.

कोयता काढलाच तर?

देऊन टाका. मोबाईल, पाकीट, घड्याळ, सगळं. झटापट करू नका, चेहऱ्याकडे टक लावून पाहू नका, पण खुणा लक्षात ठेवा: उंची, बोली, चप्पल की बूट, दुचाकीचा रंग, कुठल्या दिशेने गेले. सुटका होताच पहिला जो माणूस भेटेल त्याच्या फोनवरून ११२. जबरदस्तीने यूपीआयने पैसे वळवून घेतले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, वेळेत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. सिम बंद करा. पोलिसांत तक्रार दिल्यावर संचार साथी पोर्टलवरून हँडसेटही बंद करता येतो.

लूट थांबत नसेल, जिवावर किंवा अब्रूवर बेततंय असं दिसलं, तर मात्र ओरडा, चावा, दगड घ्या, पळा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण अशा हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराच्या जिवापर्यंतही जातो.

जवळ हत्यार ठेवावं का?

चाकू-सुऱ्याच्या फंदात पडू नका. हातातलं हत्यार हिसकावलं गेलं की ते आपल्यावरच उलटतं. शिवाय पोलिसांचे जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश अनेकदा लागू असतात. मिरपूड स्प्रेला परवाना लागत नाही. पण तो सॅकच्या तळाशी नको, पट्ट्यावर किंवा खिशात हवा, आणि घरी एकदा मारून पाहिलेला हवा. माचीवर, खिंडीत वारा कुठून येतोय ते बघा, नाहीतर आपलेच डोळे जातील.

त्याहून मोलाची वस्तू म्हणजे शिट्टी. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बरेचदा असतेच, लोकांना माहीत नसतं इतकंच. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबायचं, ही संकटात असल्याची जगभर मानलेली खूण आहे. रात्री तीच खूण टॉर्चने देता येते. चालायची काठीही दोन हात अंतर राखायला पुरते.

व्यावसायिक ग्रुपबरोबर जाताना काय तपासावं?

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. नोंदणी क्रमांक मागा. ‘आमचं इन्स्टाग्राम बघा’ हे त्याचं उत्तर नव्हे. लीडर कोण, किती जणांमागे एक, स्त्री लीडर आहे का, तंबूत कोणाला कोणाबरोबर ठेवणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. अनोळखी स्त्री-पुरुषांना एका तंबूत टाकणार असतील तर तिथेच नाही म्हणा. सगळ्यांचे नंबर गटात टाकू नका असंही सांगा. पावसाळ्यात एका बसमधून पन्नास जण आणून त्यांना हरिहर गडाच्या पायऱ्यांवर सोडून देणाऱ्यांकडून गर्दी मिळते, सोबत मिळत नाही.

त्रास लीडरनेच दिला तर? त्याच दिवशी आणखी दोघांना सांगा, संदेश आणि फोटो पुसू नका, आणि पोलिसांत जा. आयोजकाचं ‘आपापसात मिटवू’ ऐकू नका.

मुक्कामात शेजारी दारू पिऊन धिंगाणा सुरू असेल तर?

भांडायला जाऊ नका. पिणाऱ्या टोळक्याला रात्री अकरा वाजता गडाचं पावित्र्य समजावून सांगणं म्हणजे मारामारीला बोलावणं. तंबू हलवा, गावातल्या एखाद्या घराजवळ किंवा दुसऱ्या गटाजवळ लावा. शौचाला दोघी-दोघी जा, हेडटॉर्च आणि शिट्टी घेऊन. सकाळी त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून तक्रार करता येते.

गावातल्या लोकांपासून किती सावध राहावं?

हा प्रश्न वाचून वाईट वाटतं, पण येतो खरा. शहरातून येणाऱ्याला गुराखी दिसला की दचकायला होतं. प्रत्यक्षात गडावर कोणी हरवलं, पडलं, अडकलं, तर दोर घेऊन सगळ्यात आधी तेच धावतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेल्या बचाव गटांनाही वाट दाखवायला पायथ्याचीच पोरं लागतात.

गावात शिरल्यावर थांबा. चहा घ्या, कुठे निघालो ते सांगा, वाटाड्या घ्या, जेवण गावातच सांगा. पोलीस पाटलांचं घर विचारा, त्यांचा नंबर घ्या. हे पद कायद्याने आहे, गावातली गुन्ह्याची खबर पोलिसांना देणं हे त्यांचं कामच आहे. बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर रेकॉर्ड झालेला निरोप गावातल्या सगळ्या मोबाईलवर वाजतो. पोलिसांची गाडी तालुक्याहून यायला तास-दीड तास लागतो, तोवर वीस माणसं जमलेली असतात.

रेंज नसेल तर ११२ लागतो का?

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आसपास असेल तर ११२ लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर नाही. दरीत, घळीत, गुहेत रेंज जाते, धारेवर आणि माचीच्या टोकाला येते. चढताना कुठे रेंज मिळाली ते ध्यानात ठेवा. फोन लागला की आधी जागा सांगा: गड, जवळचं गाव, तालुका, जिल्हा. ‘आम्ही त्या मोठ्या धबधब्यापाशी आहोत’ हे मुंबई-नागपूरला बसून फोन घेणाऱ्याला कळत नाही.

तक्रार कुठल्या ठाण्यात करायची? ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर?

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. पाचनईकडून राजूर पोलीस ठाणं, जिल्हा अहिल्यानगर. खिरेश्वरकडून ओतूर, जिल्हा पुणे. कोकणात बेलपाड्याला उतरलात तर टोकावडे, जिल्हा ठाणे. एक गड आणि तीन जिल्ह्यांचे पोलीस. घाबरलेल्या माणसाने नकाशा उघडून हद्द शोधावी, अशी कायद्याचीही अपेक्षा नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पुण्याला परत येऊन घराजवळच्या ठाण्यातही ती देता येईल, पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाईन खबर दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा. बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद नाकारणाऱ्या पोलिसावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा होतो, हे शांतपणे सांगितलं तरी बोलण्याचा सूर बदलतो.

लैंगिक अत्याचार झाला तर सगळ्यात आधी काय करावं?

आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस, मग दवाखाना. पोलिसांत जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी दवाखान्यात जा. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने अशा वेळी तातडीचे उपचार मोफत करायचे असतात, नाकारणं हा गुन्हा आहे. पोलिसांना कळवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे, पण तपासणी तुमच्या संमतीनेच होते. शक्य असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, बदलले तर कागदाच्या पिशवीत ठेवा. अंघोळ केली असली तरी जा, पुरावा तेवढ्याने संपत नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. जबाब महिला अधिकारीच घेते. पीडितेची ओळख जाहीर करणं कायद्याने बंद आहे, म्हणून ट्रेकिंगच्या गटांत तिचं नाव किंवा फोटो फिरवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

हिमालयात, नेपाळला जाताना वेगळं काही?

नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून बहुतेक ट्रेकमार्गांवर परदेशी ट्रेकरना गाईड सक्तीचा केला. एकट्याने गेलेले ट्रेकर बेपत्ता होणं, हे त्यामागचं एक मोठं कारण. हिमाचलात पार्वती खोऱ्यातूनही अनेक वर्षं माणसं बेपत्ता होत आली आहेत. तिथे मनालीत किंवा कसोलमध्ये रात्री भेटलेल्या ‘दोस्ता’बरोबर आडवाटेने निघू नका, आणि कोणी दिलेलं पेय पिऊ नका.

ठरलेल्या वेळी कोणी परतलं नाही. चोवीस तास थांबावं लागतं का?

नाही, असा कुठलाही नियम नाही. बेपत्ता झाल्याची तक्रार लगेच देता येते. अठरा वर्षांखालील मूल असेल तर पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा असतो. आधी पायथ्याच्या गावात फोन करा: गाडी अजून उभी आहे का, कोण-कोण खाली आलं, कोणी एकटंच परतलं का. मग ठाण्यात जाताना हे घेऊन जा: अलीकडचा फोटो, निघतानाचे कपडे, सॅकचा रंग, गाडीचा नंबर, मोबाईल नंबर आणि शेवटचा संदेश किती वाजता आला ते, सोबत कोण होतं आणि त्याच्याशी अलीकडे काही वाद झाला होता का. हे शेवटचं सांगायला घरचे कचरतात. तेच पहिल्यांदा सांगा.